सव्वातीन लाखांचा देश, सतरा लाखांचे शहर : मुलांच्या फुटबॉलचा इतिहास पिंपरी-चिंचवडला काय सांगतो?

१/ १४ ऑक्टोबर २०१७, कोलकाता. सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात जपानसमोर न्यू कॅलिडोनियाचा संघ उभा होता. प्रशांत महासागरातील हा फ्रान्सच्या अखत्यारीतला द्वीपसमूह. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. आधीच्या दोन सामन्यांत फ्रान्सने त्यांना ७-१ आणि होंडुरासने ५-० असे हरवले होते. त्या मुलांनी जपानला १-१ असे रोखले. पदार्पणाच्या विश्वचषकातील त्यांचा हा एकमेव गुण.

२/ त्याच स्पर्धेत यजमान भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा हरला. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातील भारताचा पहिला गोल. आपली मुले जिद्दीने खेळली, यात शंका नाही. या धाग्याचा प्रश्न त्यांच्या खेळाविषयीचा नाही. लहानशा लोकसमूहातून चांगला युवा संघ उभा राहतो तो कशाच्या बळावर, हा आहे.

३/ हा प्रश्न मी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या संदर्भात विचारतो आहे. २०११ च्या जनगणनेनुसार पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत १७ लाख २७ हजार लोक राहत होते. म्हणजे सहा न्यू कॅलिडोनिया. चाकण, महाळुंगे, खराबवाडीची माणसे यात धरलेलीच नाहीत. देशाच्या मोटार उद्योगाचा मोठा भार हा पट्टा वाहतो. युवा फुटबॉलच्या राष्ट्रीय नकाशावर मात्र त्याचे नाव ठळकपणे उमटले ते काही वर्षांपुरते, आणि मग पुसले गेले.

४/ माझे प्रतिपादन आरंभीच मांडतो. मुलांचा फुटबॉल टिकतो तो मैदानाची आणि प्रशिक्षकाची जबाबदारी स्थानिक, कायमस्वरूपी संस्थेकडे असते तेथे. ती संस्था पालिका असेल, तालीम असेल, वसाहत असलेला कारखाना असेल. जेथे हे सारे एका मालकाच्या ताळेबंदावर अवलंबून असते, तेथे संघाबरोबर मुलांचे भविष्यही गुंडाळले जाते. पुढची उदाहरणे याच कसोटीवर वाचावीत.

५/ पहिले उदाहरण आइसलँडचे. २०११ साली या देशाची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती. पिंपरी-चिंचवडचा जेमतेम पाचवा हिस्सा. हिवाळा लांब, अंधारा, बर्फाचा आणि वादळी वाऱ्यांचा. मैदानावरचा फुटबॉल वर्षातील काही महिनेच शक्य. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातील बलाढ्य संघ आइसलँडला फारसे मोजत नव्हते.

६/ २००० साली केफ्लाविक येथे ‘रेक्यानेसहॉल’ ही पूर्ण आकाराचे फुटबॉल मैदान सामावणारी बंदिस्त इमारत उभी राहिली. पाठोपाठ इतर गावांनीही तशी सभागृहे बांधली. या इमारती प्रामुख्याने नगरपालिकांच्या आणि वापर स्थानिक क्लबांच्या मुलामुलींचा. शाळांशेजारी कृत्रिम गवताची छोटी मैदाने झाली. श्रीमंत क्लबाची किंवा उदार मालकाची वाट पाहत कोणी बसले नाही.

७/ दुसरी गोष्ट इमारतींहून महत्त्वाची. तेथील फुटबॉल संघटनेने प्रशिक्षकांच्या शिक्षणावर भर दिला. सहा-सात वर्षांच्या मुलांनाही युरोपीय महासंघाचा परवाना असलेला, मानधन घेणारा प्रशिक्षक शिकवू लागला. कोणाचा तरी मोकळा असलेला काका शिट्टी वाजवतो आणि मुले चेंडूमागे धावतात, हे चित्र मागे पडले.

८/ फळ दिसण्यास दहा वर्षे लागली. ऑगस्ट २०१० मध्ये आइसलँडच्या एकवीस वर्षांखालील संघाने जर्मनीला ४-१ असे हरवले. हा संघ २०११ च्या डेन्मार्कमधील युरोपीय युवा स्पर्धेस पात्र ठरला. बेलारूस आणि स्वित्झर्लंडकडून तो हरला, पण यजमान डेन्मार्कला त्याने ३-१ असे नमवले. उपांत्य फेरी हुकली. जगाच्या दृष्टीने ही बातमी तेवढ्यावरच संपली.

९/ त्या संघातील नावे पाहा : गिल्फी सिगुर्डसन, आरोन गुन्नारसन, कोल्बेन सिग्थोरसन, आल्फ्रेड फिन्बोगासन. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडने इंग्लंडला २-१ असे हरवले, तो निर्णायक गोल सिग्थोरसनचा. २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली, तो गोल फिन्बोगासनचा. ‘चमत्कार’ म्हणून ज्याची वर्णने झाली, त्याची पायाभरणी अठरा वर्षे आधी एका नगरपालिकेच्या इमारतीत झाली होती.

१०/ येथे कोणी म्हणेल, आपली नगरी कारखान्यांची. आपली तुलना कारखान्यांच्या नगरांशी करा. अवश्य करू. फुटबॉलच्या इतिहासात कारखाना हा गौण विषय नाहीच. १९०४ मध्ये जर्मनीतील बायर या औषध-रसायन कंपनीच्या कामगारांच्या मागणीतून लेव्हरकुसेनचा क्लब जन्मला. १९१३ मध्ये फिलिप्सच्या कर्मचाऱ्यांसाठी आइंडहोव्हनचा पीएसव्ही निघाला. १९२८ मध्ये प्यूजोच्या आश्रयाने सोशो, १९४५ मध्ये फोक्सवागनच्या गावी वोल्फ्सबुर्ग.

११/ यातील फोक्सवागनचा कारखाना २००९ पासून चाकणमध्येही आहे. महिंद्राचाही मोठा कारखाना चाकणला त्याच सुमारास उभा राहिला. आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला मुंबईचा ‘महिंद्रा युनायटेड’ हा संघ २०१० मध्ये बंद झाला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे, असे मी म्हणत नाही. एकविसाव्या शतकातील कारखान्याचे खेळाशी असलेले नाते विसाव्या शतकातील नात्याहून वेगळे आहे, एवढे मात्र या योगायोगातून दिसते.

१२/ भारतातील जुन्या नात्याचे ठळक उदाहरण जमशेदपूर. जमशेटजी टाटांनी १९०२ मध्ये पुत्र दोराबजींना लिहिलेल्या पत्रात भावी पोलादनगरीत रुंद रस्ते, सावलीची झाडे आणि फुटबॉल-हॉकीसाठी प्रशस्त जागा राखण्यास सांगितले होते. कारखान्याचा पाया पडण्यापूर्वी मैदानाचा विचार झाला. १९८७ मध्ये तेथेच टाटा फुटबॉल अकादमी सुरू झाली आणि तिने अनेक राष्ट्रीय खेळाडू घडवले.

१३/ आता इतिहासातील एक धागा आपल्याकडे येतो. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९४५ मध्ये जमशेदपुरातच स्थापन झाली. साठच्या दशकात तिने पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाना काढला. जमशेदपुराहून येथे यंत्रविद्या आली, शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणाची परंपरा आली. जमशेदपूर हे नगर मात्र आले नाही. कंपनीनेच रस्ते, घरे, शाळा आणि मैदाने सांभाळायची, ही रचना मुळेच्या पलीकडे रुजली नाही.

१४/ कारण या पट्ट्याची घडण निराळी. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. त्याला स्वतःची वसाहत होती, शाळा होती, मैदान होते. पण १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर चित्र पालटले. महामंडळाने जमिनी संपादित केल्या, भूखंड पाडले, रस्ते आणि पाणी दिले. खासगी कारखान्यांना वसाहत बांधण्याचे फारसे कारण उरले नाही.

१५/ १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले. त्याने पेठा आखल्या. १९८२ मध्ये महापालिका झाली. कारखान्यासाठी महामंडळ, घरासाठी प्राधिकरण, नळ-गटारासाठी पालिका, अशी कामाची वाटणी झाली. कामगारांच्या मुलांनी संध्याकाळी खेळायचे कोठे, हा प्रश्न या तिघांपैकी कोणाचाच मुख्य विषय नव्हता. आपल्या फुटबॉलच्या अभावाचे मूळ मी येथे शोधतो.

१६/ खेळाची आवड नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भोसरी हे पैलवानांचे गाव. या गावांत कबड्डीचे संघ गल्लोगल्ली होते. या खेळांना जुना आधार होता : तालीम, गावची जत्रा, देवस्थान, तरुण मंडळ. कारखाने येण्यापूर्वीचा गाव या संस्थांच्या रूपाने टिकून राहिला, म्हणून ते खेळही टिकले. फुटबॉलला असा आधार येथे लाभला नाही.

१७/ मैदानाचा आधार लाभला की काय होते, हे पाहण्यास लांब जायला नको. मुळेपलीकडची खडकी पाहा. दारूगोळा कारखान्याची वसाहत, त्यातले मैदान, आणि त्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा धनराज पिल्ले. तुटक्या स्टिकांनी खेळणारा हा मुलगा पुढे भारतीय हॉकीचा कर्णधार झाला. प्रतिभा त्याची स्वतःची. पण घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर सदैव खुले असलेले मैदान ही गोष्ट त्या प्रतिभेइतकीच निर्णायक होती.

१८/ आता आपल्या पट्ट्याच्या फुटबॉलचा थोडक्यात इतिहास. २००७ मध्ये पिरामल उद्योगसमूहाने ‘पुणे एफसी’ स्थापन केला. २०१२-१३ मध्ये हा संघ आय-लीगमध्ये दुसरा आला. त्याहून मोलाचे काम त्याच्या अकादमीने केले. देहूरोडजवळच्या मामुर्डीत तिचा तळ होता. तेथील मुलांनी देशपातळीवरील युवा लीग एकाहून अधिक वेळा जिंकली. आशिक कुरुनियन, निम दोर्जी तमांग असे पुढे नावारूपाला आलेले खेळाडू या अकादमीतून गेले.

१९/ २०१५ मध्ये पुणे एफसी बंद झाला. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा ‘भारत एफसी’ एका हंगामानंतर थांबला. ‘डीएसके शिवाजीयन्स’ने लिव्हरपूल क्लबाच्या सहकार्याने अकादमी काढली, तो संघ २०१७ मध्ये आय-लीगबाहेर पडला. ‘एफसी पुणे सिटी’ने पुणे एफसीची अकादमी आपल्याकडे घेतली होती आणि २०१७ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांची आयएफए शील्डही जिंकली. कोलकात्याची ही स्पर्धा देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक आहे.

२०/ २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही संपला. इंडियन सुपर लीगमधील त्याची जागा ‘हैदराबाद एफसी’ या नव्या संघाने घेतली. चार-पाच वर्षांत चार संघ मोडलेले पुण्याने पाहिले. प्रत्येकामागे पैसा होता, काहींमागे परदेशी नाव होते, चांगले प्रशिक्षक होते. हेतूंवर शंका घेण्याचे कारण नाही. तोटा सोसण्याची मालकाची तयारी संपली की संघ संपतो, हा त्या व्यवस्थेचा नियमच आहे.

२१/ प्रौढ व्यावसायिक खेळाडूला दुसरा संघ मिळू शकतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे काय? त्याने शाळा बदललेली असते, घर सोडलेले असते, आईवडिलांनी नातेवाइकांचे टोमणे ऐकलेले असतात. अकादमीला कुलूप लागले तर त्याची दोन वर्षे परत मिळत नाहीत. युवा संघाच्या इतिहासात विजेतेपदांची यादी जपली जाते, या मुलांची यादी कोणी जपत नाही.

२२/ याच्या अगदी उलट उदाहरण कोल्हापूरचे. संस्थानकाळात छत्रपती घराण्याने फुटबॉलला आश्रय दिला. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, फुटबॉल विलीन झाला नाही. कारण तोवर तो पेठांनी आपलासा केला होता : पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. नावे तालमींची, खेळ फुटबॉलचा, मैदान शाहू स्टेडियमचे.

२३/ त्या २०१७ च्या भारतीय संघातील अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा. तो पुण्यात आला तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. विश्वचषकानंतर इंडियन ॲरोज, मग २०१९ मध्ये जमशेदपूर एफसी आणि २०२१ मध्ये हैदराबाद एफसी. हा प्रवास नकाशावर काढून पाहा. तालमीच्या गावी खेळाची गोडी लागली, शासकीय संस्थेने घडवले, पोलादनगरीने व्यावसायिक संघात घेतले; आणि अखेर तो पोहोचला पुण्याची जागा घेणाऱ्या संघात.

२४/ म्हणजे पुणे परिसराला गुणवान मुलांचे वावडे नव्हते. क्रीडा प्रबोधिनीने घडवण्याचे काम केले, मामुर्डीनेही केले. फरक टिकाऊपणाचा होता. प्रबोधिनीच्या कारभारावर टीका करायला पुष्कळ जागा असेल, पण एका हंगामातील तोट्यामुळे ती दुसऱ्या राज्यात निघून जात नाही.

२५/ आता आक्षेप. पहिला : आइसलँड श्रीमंत देश, आपली तुलना कशी व्हावी? दरडोई उत्पन्नाची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. पण जकातीच्या काळात आशियातील श्रीमंत महापालिकांत गणली जाण्याचा लौकिक पिंपरी-चिंचवडनेच मिरवला आहे. शिवाय आइसलँडने ज्या महागड्या इमारती बांधल्या त्या बर्फामुळे. आपल्याला छप्पर नको. सपाट, निचऱ्याची, दिवे असलेली, कुलूप नसलेली मैदाने हवीत.

२६/ दुसरा आक्षेप : मोठे मैदान बांधा, स्पर्धा आणा, मुले आपोआप येतील. मोठे मैदान तर शेजारी बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांपासून आहे. २०२२ च्या महिला आशियाई चषकातील चीन-जपान हा उपांत्य सामना तेथेच झाला. असे सामने पाहण्याचा आनंद खरा आहे. पण त्या सामन्याने थेरगावच्या किंवा चिखलीच्या मुलीला सराव करण्यासाठी जागा दिली का? मोठे क्रीडागार हे कळस आहे. पाया वस्तीत घालावा लागतो.

२७/ तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या पट्ट्यातील कामगार आता मोठ्या प्रमाणात कंत्राटी. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, कोणी बिहारमधून आलेला. कंत्राट संपले की बिऱ्हाड हलते. अशा वस्तीत तालमीसारखी संस्था रुजेल कशी? माझ्या मते हाच पालिकेने पुढे येण्याच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद आहे. कुटुंब मोशीहून रावेतला गेले, तरी मुलाला तेथेही तोच सराव आणि तेच वेळापत्रक मिळायला हवे. हे काम एका मंडळाच्या आवाक्यातले नाही. शहराच्या संस्थेच्या आवाक्यातले आहे.

२८/ म्हणून चार अपेक्षा.
पहिली : विकास आराखड्यातील क्रीडांगणांच्या आरक्षणांपैकी किती जागा प्रत्यक्षात मैदान झाल्या, हे महापालिकेने प्रभागवार जाहीर करावे.
दुसरी : पालिकेच्या शाळांची मैदाने शाळा सुटल्यावर वस्तीतील मुलामुलींसाठी खुली राहावीत.
तिसरी : परवानाधारक प्रशिक्षकांची पदे कायमस्वरूपी असावीत.
चौथी : बारा, चौदा आणि सोळा वर्षांखालील मुलांची आणि मुलींची शहर लीग दर आठवड्याला, सात-आठ महिने चालावी. दोन दिवसांची चषक स्पर्धा आणि पाहुण्यांचे सत्कार म्हणजे लीग नव्हे.

२९/ कारखान्यांचे काय? २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के वाटा सामाजिक कामांवर खर्चावा लागतो, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण तसेच मान्यताप्राप्त खेळांचे प्रशिक्षण समाविष्ट आहे. चाकणची नगरपरिषद २०१५ पासूनची. तिच्याकडून एकटीने हे सारे होणे नाही. कंपन्यांनी पैसा द्यावा. मैदानाची आणि प्रशिक्षकाची मालकी मात्र सार्वजनिक संस्थेकडेच असावी. देणगीदार बदलला तरी मंगळवारचा सराव चुकता कामा नये.

३०/ शेवटी इतिहासप्रेमी मित्रमैत्रिणींशी दोन शब्द. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग शाइस्तेखानाविरुद्ध किती दिवस लढवला, यावर आपण तासन्‌तास बोलतो, आणि बोलावेच. पण त्याच भूमीवर गेल्या साठ वर्षांत घडलेल्या जीवनाचा इतिहासही आपलाच आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या वसाहतीतील संघ, कंपन्यांच्या आंतरविभागीय स्पर्धा, मामुर्डीत राहून गेलेली मुले, यांच्या नोंदी विखुरलेल्या आहेत.

३१/ आजी-आजोबा, काका-मावशी यांच्यापैकी कोणी या वसाहतींत, या मैदानांवर खेळले असतील, तर त्यांना विचारा : मैदान कोठे होते, त्याची देखभाल कोण करी, ते बंद केव्हा झाले, आज तेथे काय उभे आहे? उत्तर आणि जमल्यास जुने छायाचित्र, त्यातील माणसांच्या संमतीने, या धाग्याखाली जोडा. पालिकेकडे मैदान मागायला जाल तेव्हा येथे पूर्वी मैदान होते याचा पुरावा हाताशी असलेला बरा.